पारितोषिकाची ग्वाही

राजकारणावर लिहिणाऱ्या एखाद्या वृत्तलेखकाला मोठें पारितोषिक मिळाल्याची बातमी ऐकून वाचकाच्या मनांत पहिला भाव कोणता उमटावा? साधी रीत अशी, कीं ज्या अर्थीं पारितोषिक मिळालें त्या अर्थीं लेखन चांगलें असलें पाहिजे, निदान खरें तरी असलें पाहिजे, असें समजून वाचकानें त्याविषयीं थोडा आदर बाळगावा. शाळेंतल्या बक्षीससमारंभापासून आपण सर्वजण याच समजुतींत वाढलेले असतों. पण अलीकडे ही रीत उलटली आहे. माझ्या परिचयाचे एक निवृत्त गृहस्थ आहेत. सकाळीं दोन वर्तमानपत्रें शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय त्यांना स्नान सुचत नाहीं. कोणा पत्रकाराचा गौरव झाल्याचें वाचलें कीं ते चष्मा कपाळावर चढवितात आणि विचारतात, "दिलें कोणीं? आणि कां दिलें?" लेख काय होता, हें मात्र ते कधीं विचारीत नाहींत. मीं एकदां तसें सुचविलें, तेव्हां ते म्हणाले, "तुम्ही भोळे आहांत." भोळेपणाचा आरोप अंगाला लावून घेण्यास माझी ना नाहीं, परंतु त्यांच्या दोन प्रश्नांच्या मागून हा तिसरा प्रश्न कां येत नाहीं, हें कोडें माझ्या मनांतून जात नाहीं.

हा संशय कांहीं आमच्या आळीपुरता नाहीं. वृत्तपत्रांच्या गौरवाची जगांतील सर्वांत प्रसिद्ध परंपरा पुलित्झर पारितोषिकांची. आणि तीं ज्या देशांत दिलीं जातात त्या अमेरिकेंत लोकांचा वृत्तसंस्थांवरील विश्वास किती उरला आहे, याचें माप गॅलप ही संस्था पुष्कळ वर्षें घेत आली आहे. १९७६ सालीं शेंकडा ७२ लोकांनीं आपला बराच किंवा पुरेसा विश्वास असल्याचें सांगितलें होतें. २०२४ सालीं हा आकडा ३१ वर आला. त्यांतहि पक्षभेद पाहिला तर डेमॉक्रॅटिक पक्षाच्या लोकांत ५४, आणि रिपब्लिकन पक्षाच्या लोकांत अवघा १२. तोच अंक, तीच शाई, तीच वाक्यें. आणि एकाच्या घरीं तें वर्तमानपत्र ठरतें, तर शेजारच्या घरीं तें शत्रूचें पत्रक! ज्या लेखावर पारितोषिकाची मोहोर उठली असेल त्याची दशा तर अधिकच बिकट. मोहोर पाहून ज्यांचा विश्वास वाढतो त्यांचा तो आधींच असतो. आणि ज्यांचा नसतो त्यांना ती मोहोर म्हणजे एकाच धंद्यांतील मंडळींनीं एकमेकांच्या पाठीवर मारलेली थाप वाटते.

ही शंका अगदींच निराधार आहे असें म्हणवत नाहीं. प्रथम ज्याच्या नांवानें हा गौरव होतो त्याचीच कहाणी पाहावी. जोसेफ पुलित्झर हा १८४७ सालीं हंगेरींत जन्मला, सतराव्या वर्षीं अमेरिकेच्या यादवी युद्धांत शिपाई म्हणून दाखल झाला आणि पुढें वर्तमानपत्रांचा धनी झाला. १८८३ सालीं त्यानें न्यूयॉर्कचें 'वर्ल्ड' हें पत्र विकत घेतलें. तेथें त्याला विल्यम रॅन्डॉल्फ हर्स्ट हा तोडीस तोड प्रतिस्पर्धी भेटला, आणि दोघांच्या पत्रांत भडक मथळ्यांची अशी कांहीं चढाओढ लागली, कीं 'पीत पत्रकारिता' हें नांव त्याच भांडणांतून जगाला मिळालें. १८९८ च्या फेब्रुवारींत हवाना बंदरांत 'मेन' ही अमेरिकन युद्धनौका स्फोट होऊन बुडाली. स्फोटाचें कारण कोणालाच नक्की ठाऊक नव्हतें. पण या पत्रांचा रोख स्पेनवर होता, आणि दोन-अडीच महिन्यांत युद्ध जुंपलें. असा हा पुरुष १९११ सालीं वारला तो कोलंबिया विद्यापीठाला मोठी देणगी ठेवून. तींतून पत्रकारितेचें विद्यालय निघालें आणि १९१७ पासून पारितोषिकें सुरू झालीं. उमेदींत सावकारी करून उतारवयांत घाट बांधणारे लोक आपल्याकडेहि होऊन गेले. घाटावर स्नान करणारा त्या पैशाची चौकशी करीत बसत नाहीं. मीहि करीत नाहीं. फक्त हर्स्टचें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. तो पुढें पुन्हां भेटणार आहे.

आतां ज्या एका पारितोषिकानें या साऱ्या संशयाला शंभर वर्षें पुरेल इतकें सरपण दिलें त्याकडे वळूं. वॉल्टर ड्युरँटी हा लिव्हरपूलचा इंग्रज 'न्यूयॉर्क टाइम्स'चा मॉस्कोंतील बातमीदार होता. १९२२ पासून तो तेथें होता. आगगाडीच्या अपघातांत एक पाय गमावला तरी त्याच्या उत्साहांत उणेपणा आला नव्हता. रशियाचें तत्कालीन राज्य परक्यांना आपल्या घरांत डोकावूं देत नसे. पण ड्युरँटीला खुद्द स्टालिननें मुलाखत दिली. १९३१ सालीं त्यानें पंचवार्षिक योजनेवर जी लेखमाला लिहिली तिला १९३२ चें पुलित्झर पारितोषिक मिळालें. आणि परीक्षकांनीं तिचे जे गुण गाइले त्यांत विद्वत्ता, सखोलता यांच्या जोडीला निःपक्षपाताचाहि मुद्दाम उल्लेख होता. हा शब्द वाचकांनीं अधोरेखित करावा. त्याच वर्षापासून पुढच्या वर्षापर्यंत युक्रेन, कुबान, कझाकस्तान या भागांत दुष्काळ पडला. आभाळ फिरल्यानें पडला असता तर गोष्ट निराळी. हा दुष्काळ सरकारी धान्यवसुलीनें आणि सक्तीच्या सामुदायिक शेतीनें ओढवला होता. एकट्या युक्रेनमध्यें ३५ ते ५० लाख माणसें मेलीं असा संशोधकांचा अंदाज आहे. जो प्रांत देशाचें धान्याचें कोठार, तेथें!

ही बातमी जगाला सांगितली कोणीं? कोणा पारितोषिकविजेत्यानें नव्हे. गॅरेथ जोन्स नांवाचा सत्तावीस वर्षांचा एक वेल्श तरुण होता. त्याची आई लग्नापूर्वीं युक्रेनमधील एका वेल्श कारखानदाराच्या घरीं मुलांची शिक्षिका होती. तिच्या तोंडून त्या मुलखाच्या गोष्टी ऐकत तो वाढला, रशियन भाषा नीट शिकला, आणि कांहीं काळ लॉइड जॉर्जसारख्या माजी मुख्य प्रधानाच्या पदरीं परराष्ट्रविषयक सल्लागार होता. १९३३ च्या मार्चमध्यें तो मॉस्कोहून खारकोव्हच्या गाडींत बसला, वाटेंतच उतरला आणि पाठीवर शिधा घेऊन एका गांवाहून दुसऱ्या गांवाला पायीं चालत गेला. शेतकऱ्यांच्या झोपड्यांत झोपला. भाकर नाहीं, आम्ही मरणार, हेंच त्यानें घरोघर ऐकलें. गाडींतला एक प्रसंग त्यानें पुढें लिहून ठेवला आहे. एक कम्युनिस्ट सहप्रवासी त्याला दुष्काळ नाहींच म्हणून पटवीत होता. जोन्सनें आपल्या जवळच्या पावाचा तुकडा थुंकदाणींत टाकला. शेजारच्या शेतकऱ्यानें तो झडप घालून उचलला आणि खाल्ला. मग त्यानें संत्र्याची साल टाकली. तीहि त्या माणसानें खाल्ली. सहप्रवाशाचा वाद तेथेंच संपला.

देशाबाहेर पडून बर्लिनला पोंचतांच, २९ मार्च रोजीं, जोन्सनें हें सारें पत्रकारांना सांगितलें. दोनच दिवसांनीं 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्यें ड्युरँटीचें उत्तर छापून आलें. लोक भुकेले आहेत, पण भुकेनें मरत नाहींत, असा त्याचा मथळ्यापासूनचा सूर. अन्नाची टंचाई आहे हें तो कबूल करतो. अपुऱ्या पोषणामुळें होणाऱ्या रोगांनीं पुष्कळ लोक मरतात हेंहि कबूल करतो. मात्र उपासमारीनें मृत्यु नाहींत! माझ्या मतें या लेखाइतका अभ्यास करण्याजोगा लेख पत्रकारितेच्या इतिहासांत दुसरा नसेल. त्यांतलें एकेक वाक्य वकिलासारखें तासून ठेवलेलें आहे. उपाशी माणूस शेवटीं ज्या तापानें किंवा अतिसारानें जातो त्या रोगाचें नांव मृत्यूच्या रकान्यांत लिहिलें, कीं भूक नामानिराळी राहते. जोन्सनें मे महिन्यांत त्याच पत्राला उत्तर पाठविलें. त्यांत त्यानें म्हटलें, कीं मॉस्कोंतील बातमीदार सौम्य शब्द वापरण्यांत निष्णात झाले आहेत. म्हणून ते दुष्काळाला अन्नटंचाई म्हणतात.

येथें जरा थांबतों; कारण हा शब्दांचा खेळ मराठी वाचकाला परका नाहीं. महाराष्ट्र राज्यानें १९६३ सालीं कायदा करून आपल्या सर्व कायद्यांतून 'दुष्काळ' या अर्थाचा इंग्रजी शब्दच वगळून टाकला, आणि कागदोपत्रीं टंचाई तेवढी शिल्लक राहिली. नऊ वर्षांनीं, १९७२ सालीं, ज्यांनीं खडी फोडली त्यांना विचारावें कीं ते त्या वर्षाला काय म्हणतात.

ड्युरँटी एकटा असता तर त्याला लबाड म्हणून मोकळें होतां आलें असतें. परंतु मॉस्कोंतील बहुतेक पाश्चात्य बातमीदारांनीं जोन्सला खोटें पाडण्यांत हातभार लावला. त्यांच्यापैकीं युजीन लायन्स यानें १९३७ सालच्या आपल्या पुस्तकांत ही गोष्ट स्वतःच्या तोंडानें सांगितली आहे. त्या सुमारास कांहीं ब्रिटिश इंजिनिअरांवर मॉस्कोंत मोठा खटला चालावयाचा होता. त्याच्या बातम्या पाठवावयाच्या तर सरकारी तपासनिसाची मर्जी राखणें भाग होतें. लांच कोणीं खाल्ली नाहीं, धमकी कोणीं दिली नाहीं. आपली खुर्ची राखण्यासाठीं एका तरुणाला खोटें ठरविणें एवढेंच करावयाचें होतें, आणि तें त्यांनीं केलें. माल्कम मगरिज या इंग्रज बातमीदारानेंहि त्याच मार्चमध्यें दुष्काळाचें वर्णन तपासनिसाला चुकवून 'मँचेस्टर गार्डियन'कडे पाठविलें. तें छापलें गेलें, पण निनांवीं. (हा मगरिज पूर्वीं केरळांत आळवे येथील महाविद्यालयांत शिक्षक होता, आणि पुढें कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'मध्यें नोकरीला आला.)

आणि ड्युरँटीला खरें ठाऊक नव्हतें काय? त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत मॉस्कोंतील ब्रिटिश वकिलातींत बोलतांना त्यानें सांगितलें, कीं अन्नाअभावीं प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणें एक कोटि माणसेंहि मेलीं असण्याचा संभव आहे. वकिलातीच्या कागदांत त्याची नोंद आहे. वाचकांसाठीं एक आकडा, वकिलांसाठीं दुसरा! दोन महिन्यांनीं अमेरिकेनें सोव्हिएत राज्याला मान्यता दिली. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलांत मेजवानी झाली, आणि पाहुण्यांत ड्युरँटीचें नांव पुकारतांच टाळ्यांचा कडकडाट झाला.

आतां हर्स्ट. १९३५ च्या जानेवारींत जोन्सचे दुष्काळावरील लेख अमेरिकेंत ज्यांनीं छापले तीं पत्रें हर्स्टचीं होतीं. म्हणजे पुलित्झरच्या नांवाचें पारितोषिक खोट्याच्या छातीवर, आणि पीत पत्रकारितेंतील त्याच्या जुन्या वैऱ्याच्या कागदावर खरें, असा विलक्षण योग जुळून आला. गोष्ट येथेंच थांबती तर हर्स्टला दुवा दिला असता. पण पुढच्याच महिन्यांत त्याच पत्रांनीं टॉमस वॉकर या नांवानें लिहिणाऱ्या एकाची लेखमाला छायाचित्रांसह छापली, आणि त्यांतलीं कित्येक छायाचित्रें १९२१-२२ च्या जुन्या दुष्काळाचीं निघालीं. लबाडी उघडकीस आणली ती लुई फिशर यानें. महात्मा गांधींचें चरित्र लिहिणारा म्हणून आपल्याकडे तो सर्वांना माहीत आहे. त्या काळीं तो सोव्हिएत राज्याचा चाहता होता, आणि पुढें १९४९ सालीं त्यानें आपला भ्रम फिटल्याचें जाहीर केलें. छायाचित्रें खोटीं होतीं हें त्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. परिणाम काय झाला? छायाचित्रें खोटीं, म्हणून दुष्काळहि खोटा, असें म्हणावयास अनेकांना सोयीचें झालें. सुक्याबरोबर ओलेंहि जळतें तें असें. ज्या खेडेगांवांत जोन्स निजला होता तेथल्या झोपड्या तोंवर ओस पडल्या होत्या.

या हकीकतींत जो मुद्दा मला सर्वांत जाचतो तो ड्युरँटीचा नसून वाचकांचा आहे. १९३३ सालीं जोन्सवर विश्वास कोणीं ठेवला? बहुतांशीं ज्यांना बोल्शेविक आधींच नकोसे होते त्यांनीं. ड्युरँटीवर कोणीं ठेवला? ज्यांना नव्या रशियाचें कौतुक होतें, किंवा ज्यांना त्याच्याशीं व्यापार हवा होता त्यांनीं. माझ्या स्नेह्यांचे ते दोन प्रश्न, दिलें कोणीं आणि कां दिलें, दोन्ही बाजूंनीं विचारले गेले. ते दोन्ही प्रश्न योग्यच होते. आणि त्यांनीं एकहि माणूस वांचला नाहीं. जोन्स पायीं चालला होता आणि ड्युरँटी चालला नव्हता, हा साधा फरक कोणत्याच बाजूच्या वाचकाला पुरेसा वाटला नाहीं.

वाचकाचा विश्वास हा पुराव्यावर बसतो कीं मायेवर, याचें एक उदाहरण आपल्याकडचेंहि आठवतें. 'केसरी' आणि 'मराठा' हीं पत्रें १८८१ सालीं निघालीं. त्यांनीं कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाविषयीं दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर कडक टीका केली. तिला आधार होता कांहीं पत्रांचा, आणि तीं पत्रें बनावट निघालीं. संपादकांनीं माफी मागितली, तरी खटला चाललाच. १८८२ च्या जुलैंत आगरकर व टिळक यांना चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि मुंबईच्या डोंगरी तुरुंगांत त्यांनीं १०१ दिवस काढले. सुटून आल्यावर लोकांनीं त्यांचें स्वागत केलें तें विजयी वीरांसारखें! तेंहि एक पारितोषिकच होतें. परीक्षक मात्र लोक होते. लोकांनीं पत्रांचा खरेखोटेपणा पाहिला नाहीं. या माणसांनीं कोणाची बाजू घेतली आणि त्यासाठीं काय सोसलें, हें पाहिलें. मला हा निवाडा चुकीचा वाटत नाहीं. पण तो खरेपणाचा निवाडा नव्हता, हें तितक्याच स्पष्टपणें म्हटलें पाहिजे. पुढें दोघांचें पटेना तेव्हां आगरकरांनीं 'केसरी' सोडला आणि १८८८ सालीं 'सुधारक' काढला. त्या काळच्या वाचकाला एक सोय होती. कोणतें पत्र कोणाचें आणि कोणत्या मताचें हें पाटीवरच लिहिलेलें होतें; पक्षपाताचा शोध लावावा लागत नव्हता. आजच्या मोठ्या पत्राच्या पाटीवर 'निःपक्षपाती' असा शब्द असतो. आणि ज्या दुकानावर 'शुद्ध तूप' असें ठळक लिहिलेलें असतें तेथेंच गिऱ्हाईक बोटावर घेऊन वास पाहतो.

ड्युरँटीचें पारितोषिक काढून घ्यावें अशी मागणी पुढें अनेकदां झाली. १९९० सालीं पुलित्झर मंडळानें नकार दिला. २००३ सालीं पुन्हां विचार केला आणि पुन्हां नकार दिला. मंडळाचें म्हणणें थोडक्यांत असें: पारितोषिक १९३१ च्या लेखांना दिलेलें आहे, दुष्काळावरील लिखाणाला नव्हे, ते लेख आजच्या कसोटीला फारच उणे उतरतात, पण त्यांत जाणूनबुजून फसवणूक केल्याचा स्पष्ट पुरावा नाहीं. 'न्यूयॉर्क टाइम्स'नें ज्या इतिहासाच्या प्राध्यापकाकडून ते लेख तपासून घेतले त्यानेंहि त्यांतील एकांगीपणावर कडक ठपका ठेवला होता. कायद्याच्या दृष्टीनें मंडळाचा युक्तिवाद खोडून काढणें अवघड आहे. तथापि वाचक हा न्यायाधीश नव्हे. त्याला लेखाची तारीख दिसत नाहीं, माणूस दिसतो. माझें स्वतःचें मत थोडें तिरपें आहे. १९३२ चा तो रकाना पुसून टाकला असता तर यादी स्वच्छ दिसली असती, आणि स्वच्छ यादीला कोणी प्रश्न विचारीत नाहीं; तें नांव तेथें राहावें आणि प्रत्येक पिढीनें त्यावर बोट ठेवावें, हें मला अधिक उपयोगाचें वाटतें. पण ज्यांचे आजे-पणजे त्या वर्षीं गवत खाऊन मेले त्या युक्रेनियन कुटुंबांपुढें उभें राहून हा युक्तिवाद करण्याची माझी छाती नाहीं.

मग पारितोषिकाची ग्वाही अजिबात मानूं नये काय? तसेंहि म्हणतां येत नाहीं. १९७२ सालीं 'वॉशिंग्टन पोस्ट' वॉटरगेटच्या बातम्या छापीत होतें तेव्हां अध्यक्ष निक्सन यांच्या गोटांतून त्या पत्रावर पक्षपाताचा आरोप सारखा होत असे, आणि तो मानणारेहि पुष्कळ होते. १९७३ च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेला अध्यक्षांच्याच प्रवक्त्यानें त्या पत्राची जाहीर माफी मागितली. आणि त्याच महिन्यांत लोकसेवेचें पुलित्झर त्या पत्राला मिळालें. (सोन्याचें पदक या एकाच प्रकाराला असतें, आणि तें माणसाला नव्हे तर पत्राला मिळतें, इतरांना कागद आणि रोकड.) याच पत्राच्या एका बातमीदार बाईंना १९८१ सालीं पारितोषिक मिळालें तें आठ वर्षांच्या एका व्यसनी मुलाच्या कथेबद्दल, तो मुलगा मुळांत नव्हताच असें उघड झालें, आणि कांहीं दिवसांतच पारितोषिक परत करावें लागलें. आठ वर्षांच्या अंतरानें एकाच छापखान्यांतून निघालेल्या या दोन गोष्टी. पहिल्या वेळीं संशय घेणारे चुकले, दुसऱ्या वेळीं विश्वास ठेवणारे.

अगदीं अलीकडचें प्रकरण याहून गुंतागुंतीचें आहे. २०१८ सालीं राष्ट्रीय वार्तांकनाचें पुलित्झर 'न्यूयॉर्क टाइम्स' आणि 'वॉशिंग्टन पोस्ट' या दोघांना मिळून देण्यांत आलें. विषय होता २०१६ च्या निवडणुकींतील रशियाची ढवळाढवळ आणि डॉनल्ड ट्रम्प यांच्या मंडळींचे रशियाशीं संबंध. २०१९ सालीं म्युलर यांचा चौकशी-अहवाल बाहेर पडला. रशियानें ढवळाढवळ केली, आणि तीहि पद्धतशीरपणें, असें त्यांत ठरलें. ट्रम्प यांच्या प्रचारमंडळानें रशियाशीं कट केल्याचें मात्र सिद्ध झालें नाहीं. ट्रम्प यांनीं पारितोषिकें मागें घ्या म्हणून मागणी केली. मंडळानें दोन स्वतंत्र तपासण्या करविल्या, आणि जुलै २०२२ मध्यें जाहीर केलें, कीं नंतर बाहेर आलेल्या माहितीमुळें त्या लेखांतील कोणताहि मजकूर खोटा ठरलेला नाहीं. डिसेंबरांत ट्रम्प यांनीं मंडळाच्या सभासदांवर अब्रुनुकसानीचा दावा लावला.

मंडळाचें उत्तर मीं पुनःपुन्हां वाचलें. तें खरें आहे असें मला वाटतें. पण तें ज्या प्रश्नाला दिलेलें आहे तो प्रश्न लोकांनीं विचारलेलाच नव्हता. लोकांची तक्रार अमुक वाक्य खोटें आहे अशी क्वचितच असते. दोन वर्षें पहिल्या पानावर एकच विषय कां, त्या ओघांत कट झालाच असणार अशी आमची समजूत कां होऊं दिली, आणि आमच्या गांवचा बंद पडलेला कारखाना कोठल्या पानावर गेला, अशी ती तक्रार आहे. पक्षपात वाक्यांत राहत नाहीं. तो मापांत राहतो. कोणत्या बातमीला किती जागा, कोणाच्या भुकेला कोणता शब्द, कोणत्या गांवाला पायीं जावयाचें आणि कोणत्या गांवाविषयीं वकिलातींत बसून ऐकावयाचें, यांत राहतो. वाक्यें तपासून त्याचा पत्ता लागत नाहीं. ड्युरँटीचींहि वाक्यें तासलेलीं होतीं. २०१८ चे बातमीदार आणि ड्युरँटी यांना मी एका तागडींत घालीत नाहीं. त्यानें ठाऊक असलेलें झांकलें, यांनीं दडविलेलें उकरून काढलें, आणि हें अंतर थोडें नाहीं. परंतु झांकणाऱ्याच्या आणि उकरणाऱ्याच्या छातीवर एकच बिल्ला लावलेला असला, कीं लांबून पाहणाऱ्याला तो बिल्लाच तेवढा दिसतो.

लांबून पाहण्याची ही संवय आतां इतकी अंगवळणी पडली आहे, कीं मोबाइलवर आलेली बातमी वाचण्यापूर्वीं आपण ती कोणीं पाठविली हें पाहतों आणि तेवढ्यावरून वाचावयाची कीं नाहीं तें ठरवितों. अशा वेळीं एखादा गॅरेथ जोन्स पुन्हां पायीं चालत गेला आणि परत येऊन बोलला, तर त्याचें काय होईल? १९३३ सालीं त्याला खोटें ठरवावयास ड्युरँटीसारखा मातबर माणूस लागला. आज तितकीहि गरज पडेल असें मला वाटत नाहीं. 'सगळे विकले गेलेले आहेत' एवढें एक वाक्य पुरे होईल. आणि तें म्हणणारा कोणी स्टालिनचा मित्र नसून, तुमच्याआमच्या घरांतला, चार पुस्तकें वाचलेला, सज्जन माणूस असेल.

जोन्सला पुढें फार दिवस मिळाले नाहींत. १९३५ च्या ऑगस्टांत अंतर्मंगोलियांत प्रवास करतांना तो लुटारूंच्या हातीं सांपडला आणि मारला गेला; तिसावा वाढदिवस दुसऱ्या दिवसावर आला होता. ड्युरँटी १९५७ पर्यंत जगला. युक्रेनच्या त्या पायपिटींत जोन्सनें खिशांतल्या लहान वह्यांवर घाईघाईनें टिपणें केलीं होतीं. त्या वह्या अनेक दशकें घरच्या जुन्या सामानांत पडून होत्या. नातलगांना त्या सांपडल्या, आणि २००९ सालीं केंब्रिजला, ज्या ट्रिनिटी महाविद्यालयांत तो शिकला होता त्याच्या ग्रंथालयांत, त्या लोकांना पाहण्यासाठीं ठेवण्यांत आल्या. त्यांत मतें थोडीं आहेत. कोण भेटलें, काय म्हणालें, घरांत खायला काय होतें, गुरें किती उरलीं, अशाच नोंदी पानामागून पान चालल्या आहेत.